शेपू, बीट आणि २४ ऑगस्ट

हेडफोन न लावता वाचणाऱ्या मंडळींसाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर.

२०२४ साली मी पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला होतो. टीममध्ये एक टेस्टर होती, युक्रेनच्या खार्किवची. ऑगस्टमध्ये म्हणाली, "शनिवारी जेवायला ये, आमचा स्वातंत्र्यदिन आहे." माझ्या डोक्यात लगेच झेंडावंदन आणि जिलेबी!

तर आधी तारीख. २४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेनच्या संसदेने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. १ डिसेंबरला सार्वमत झालं, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. आणि २०२२ मध्ये रशियाचं आक्रमण सुरू झालं २४ फेब्रुवारीला. म्हणजे त्या वर्षीचा स्वातंत्र्यदिन युद्धाच्या बरोबर सहा महिन्यांनी आला. तेव्हापासून हा सण साधा राहिलेला नाही.

मी पोचलो तर घरात सगळ्या बायका आणि पोरं. अंगात भरतकामाचे सदरे, त्याला विशिवान्का म्हणतात. पुरुष कुठे, असं मी विचारणार होतो, बरं झालं नाही विचारलं. युद्ध सुरू झाल्यावर १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली, काही अपवाद सोडले तर.

स्वयंपाकघरात बोर्श चाललेलं. बीट, कोबी, बटाटा, गाजर घातलेलं लालभडक सूप. बरणीला टेकवलेल्या फोनवर खार्किवहून तिची आई. ती गाव सोडायला तयार नाही, आणि लेकीच्या हातच्या बोर्शवर विश्वास ठेवायलाही नाही! बीट वेगळं परत, टोमॅटो घाल, थोडं व्हिनेगर घाल. का? बीटचा लाल रंग आंबटात टिकतो, नाहीतर उकळून उकळून तपकिरी पडतो. एवढी स्वच्छ कारणमीमांसा आमच्या कोडमधल्या कॉमेंट्समध्येही नसते.

मग फोन कट. तिकडे लाइट गेली होती. कोणी काही बोललं नाही, बीट मात्र हलवत राहिले.

जुलै २०२२ मध्ये युनेस्कोने युक्रेनी बोर्श रांधण्याची परंपरा तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातली. सुपाला कसला धोका, असं मला बातमी वाचताना वाटलं होतं. आता समोर दिसत होतं. रेसिपी नेटवर मिळते हो, पण शिकवणारी एका देशात आणि शिकणारी दुसऱ्या.

जेवायला बसलो. सोबत लसूण-तेल माखलेले छोटे पाव, म्हणजे पंपुश्की. आणि वारेनिकी, दिसायला करंजीसारखे, पण पाण्यात उकळलेले, आत बटाटा किंवा चेरी. बोर्शवर स्मेताना, आपली विरजलेली साय समजा. आणि त्यावर चक्क शेपू! लहानपणी मी ताटातून बाजूला सारायचो तो.

अर्ध्या तासाने आईचा फोन आला. लेकीने कॅमेरा ताटावर धरला. तिकडून एकच वाक्य आलं, सगळ्या हसल्या, मग मला अर्थ सांगितला:

"शेपू कमी घातलायस."