चित्रं पाहायला डहाणूत, जेवायला कुठे?

मुंबईत काळा घोडा परिसरात चित्र पाहणं आणि खाणं ही जोडी जुनी आहे. जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतच १९६४ पासून ‘समोवार’ होतं. चित्रकार, विद्यार्थी, पत्रकार, कोर्टातले वकील सगळे त्या चिंचोळ्या जागेत चहा आणि पराठे घेऊन तासन्‌तास बसत. २०१५ च्या मार्चअखेर ते बंद झालं, तेव्हा लोकांनी एखाद्या माणसाला निरोप द्यावा तसा त्याला निरोप दिला. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी होती. १९७५ साली तिथल्या भिंतींवर एका वारली शेतमजुराची चित्रं लागली. त्याचं नाव जिव्या सोमा म्हशे. तो डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्याचा.

मुंबईकरांनी ही चित्रं पाहिली, मग पॅरिस-जर्मनीने पाहिली. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री असं सगळं जिव्यांच्या वाट्याला आलं. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. आता लोक उलट्या दिशेने प्रवास करतात. मुंबईहून, नाशिकहून, परदेशातूनही माणसं डहाणूला येतात आणि गंजाडची वाट विचारतात. या वाटेवर तिकीट काढून आत जायचं संग्रहालय नाही, त्याला जोडलेलं उपाहारगृहही नाही. घर हेच दालन आणि कुडाची भिंत हीच चौकट. जेवायचं कुठे, हा प्रश्न त्यामुळे इथे मुंबईपेक्षा अवघड होतो. त्याचं उत्तर मात्र मुंबईपेक्षा चांगलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड. २०१३ च्या एप्रिलपासून चर्चगेटहून थेट डहाणूची लोकल आहे, सुमारे तीन तासांची. बहुतेक पाहुणे डहाणूला उतरतात, गाडी ठरवतात, जव्हारच्या रस्त्याने गंजाडला जातात, दोन घरं पाहतात, चित्र विकत घेतात आणि तसेच हायवेला लागून मोठ्या हॉटेलात पनीर आणि मंच्युरियन खाऊन परततात. असं जेवण दहिसरलाही मिळतं. ज्या मुलखाची चित्रं आपण पाहिली, त्या मुलखाची चव न घेता परत जाणं म्हणजे अर्धंच चित्र पाहून येणं. आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतो, कारण वारली चित्र तांदळाचं असतं.

लग्नाच्या घरात देवचौक आणि लग्नचौक काढतात ते सवाष्णी. आधी भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू. मग तांदूळ भिजवून वाटायचे, ते पांढरं पाणी वाटीत घ्यायचं, बांबूची काडी टोकाशी ठेचून तिचा कुंचला करायचा. चौकाच्या मधोमध पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, झाड, घोड्यावरचा देव. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. ज्या कणगीतलं भात कांडून घरची भाकर होते, त्याच कणगीतले मूठभर तांदूळ भिंतीवर जातात. बाजारासाठी रंगवलेल्या कापडावर आज बहुधा पांढरा पोस्टर रंग असतो. पण लग्नघरात अजून तांदूळच वाटतात.

बायकांचं हे काम जिव्यांनी हाती घेतलं, म्हणून पाड्यात लोक आधी चकित झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी इकडे आले. त्याआधी हेच कुलकर्णी पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून बिहारच्या दुष्काळात मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं काढायला त्यांनी कागद दिला. तो कागद पुढे जगभर पोचला. डहाणूत त्यांनी तेच केलं. देवचौकाबाहेरचं रोजचं जगणं कागदावर येऊ लागलं, आणि त्या जगण्याचा मोठा भाग खाण्याचा आहे. जिव्यांची चित्रं नीट पाहा. आवणी, झोडणी, उखळात कांडणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, चिंबोऱ्या, मुंग्या, आणि सगळी चौकट व्यापणारं मासे पकडायचं जाळं. ते जाळं पाहिल्यावर कुणालाही भूक लागावी.

ही भूक इथे फार खरी होती, हेही ताटावर बसण्याआधी ठाऊक असावं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी आणायची, सुगीला ती कित्येक पटींनी फेडायची, फिटली नाही तर वेठ. जमीन गेली ती अशी. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहून ठेवला आहे. ज्यांनी भिंतीवर तांदूळ लावले, त्यांच्याच ताटात कित्येक पावसाळे कंदमुळं होती. म्हणून पाड्यात कुणी ‘जेवून जा’ म्हणालं, तर ते फुकटचं आदरातिथ्य समजून उठू नये.

पाड्यात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगावं. चित्र काढणाऱ्या घरांपैकी बरीच घरं आधी कळवलं तर जेवण करतात. ताटात तांदळाची भाकर येते, हाताने थापलेली. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला नागलीची. सोबत उडदाची डाळ, मिरचीची चटणी आणि सुक्या बोंबलाचं किंवा सुकटीचं कालवण. सुक्या मासळीचं हे गणित पाहण्यासारखं आहे. समुद्रकाठच्या कोळणी बोंबील आणि जवळा वाळवतात, मनोर-कासा भागातल्या आठवडी बाजारांत ती मासळी येते आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून आदिवासी घरं ती भरून ठेवतात. डोंगर आणि समुद्र इथे एका ताटात येतात.

पावसाळा सुरू झाला की ताट बदलतं. पहिल्या सरींनंतर रानात शेवळं वर येतात. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात. त्या सुमाराला शेवळं डहाणू, पालघर, बोईसर स्टेशनबाहेर आदिवासी बायांच्या टोपलीत जुड्या बांधलेली दिसतात आणि शेजारीच काकडंही असतात, कारण विकणारीला ठाऊक आहे की एकाशिवाय दुसरं चालत नाही. पुढे कोळी भाजी, लोत, टाकळा, करटोली, बांबूचे कोंब. जिथे रानभाजी महोत्सव भरतात तिथे या भाज्या शिजवलेल्याही चाखायला मिळतात. माझं मत विचाराल तर चित्रं पाहायला येण्याचा उत्तम काळ हाच. भाताची आवणी चालू असते, चित्रातलं खाचर डोळ्यांसमोर असतं.

दिवाळीच्या सुमाराला आलात तर तवसाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, कीसात तांदळाचं पीठ कालवून पानात उकडलेल्या सावेल्या मिळाव्यात. सोबत उकडलेली चवळी आणि कंद. तारपा वाजण्याचे दिवसही हेच. चित्रात तारप्याभोवती जो गोल फिरताना दिसतो, त्यातली माणसं अशीच जेवून नाचायला उठलेली असतात.

थंडीत उकडहंडी. वाल-पापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, ओवा आणि मसाला मडक्यात भरायचा, रानातल्या वासाच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आत पाणी नाही की तेल नाही, भाज्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात. तलासरीच्या पुढे गुजरातच्या हद्दीजवळ हायवेच्या कडेला अशी मडकी मांडलेली दिसतात. तिकडे तिला उंबाडियुं म्हणतात. वाडवळांच्या वाड्यांत हीच हंडी घरी लागते. केळवे, माहीम, चिंचणीकडे कुणाशी ओळख असेल तर डिसेंबर-जानेवारीत ती ओळख जरूर वापरा.

किनाऱ्याकडे यायचं तर पालघरला उतरावं. स्टेशनवरून सातपाटीला एसटी आणि रिक्षा मिळतात. इथलं पापलेट राज्यभर नावाजलेलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह होता. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. या काळात ताजं पापलेट म्हणून कुणी वाढलं तर ते बर्फातलं समजावं. एक कळकळीची विनंती आहे. ताटात तळहाताएवढं पिल्लू येत असेल तर परत पाठवा. अंडी घालण्याआधीच मासा संपला तर पुढच्या वर्षी जाळं रिकामं येतं, आणि सातपाटीच्या होड्यांनी ही टंचाई अलीकडे फार सोसली आहे. पापलेट नसेल तेव्हा ओले बोंबील मागावेत. तांदळाच्या पिठात घोळून तळलेला ताजा बोंबील जिभेवर विरघळतो. पुन्हा तांदूळच.

केळव्याला समुद्र आणि शितलादेवीचं मंदिर आहे, म्हणून शनिवार-रविवारी गर्दी असते. तिथे जेवायची खरी जागा हॉटेल नसून घरगुती खानावळ आहे. वाडीत, सुरूच्या किंवा नारळीच्या सावलीत, घरच्याच बायका स्वयंपाक करतात. आधी फोन केला तर मासळी सकाळी आणून ठेवतात. इथे भाकर तांदळाची, सोलकढी, कोलंबी किंवा बांगडा, आणि शाकाहाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. जेवणानंतर पान खाणाऱ्यांनी पान जरूर खावं, कारण केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाड्या जुन्या आहेत आणि इथलं पान दूरवर जातं.

बोईसरचं खाणं निराळं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि बिहार-ओडिशापासून केरळपर्यंतची माणसं इथे राहायला आली. स्टेशनच्या आसपास सकाळी वडापावच्या शेजारी इडली आणि पुरीभाजी असते. पाळी सुटल्यावर घाईत खाणाऱ्यांचं हे गाव आहे, त्याला त्याच मापाने पाहावं. बोईसरहून चिंचणी-तारापूरला मात्र जा. तिथल्या घरांत सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर बसलेले असतात. पोलादावर बारीक नक्षी कोरायची, हे काम पिढ्यांपासून चाललं आहे. वारली चित्रं पाहायला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की याच तालुक्यांत रेषेचे दुसरे कसबी लोकही आहेत? त्यांचं नाव दागिन्यावर कुठेच येत नाही.

गोडाचं म्हणाल तर डहाणू-घोलवडचा चिकू. इथल्या वाड्यांत इराणी आणि पारशी बागायतदारांनी चिकू रुजवला, २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावरचा कच्चा चिकू घरी नेऊन पिकवावा. चिकूचे काप, बर्फी आणि लोणचं बोर्डी-घोलवडच्या रस्त्यावर मिळतं. जूनच्या सुरुवातीला बहाडोलीचं जांभूळ येतं, त्यालाही २०२३ मध्ये मानांकन मिळालं. उन्हाळ्यात ताडगोळे रस्त्याकडेला सोलून देतात. वाडा तालुक्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये मानांकन मिळालं, आणि वारली चित्रकलेला स्वतःला २०१४ मध्येच. एका जिल्ह्यात चित्र, भात, चिकू, जांभूळ सगळ्यांना कागदोपत्री ओळख आहे. उरलं आहे ते एकच. बाहेरून येणाऱ्याला हे सगळं एका ताटात, ठरलेल्या जागी, योग्य दरात मिळावं. पालघर जिल्हा २०१४ च्या १ ऑगस्टला झाला, तरी एवढं अजून जमलेलं नाही. गंजाडसारख्या ठिकाणी पाड्यातल्या महिला बचत गटांनी चालवलेली एक जेवणघराची जागा, शेजारी चित्रं लावायला भिंत, एवढं झालं तर पाहुणा हायवेकडे पळणार नाही आणि पैसा पाड्यात राहील. जिल्हा परिषदेला हे अशक्य नाही.

तोपर्यंत तुम्हीच थोडं करा. सकाळची डहाणू लोकल धरा, आदल्या दिवशी पाड्यातल्या चित्रकाराला फोन करून किती जण जेवणार ते सांगा. जाताना फुकटचे कपडे आणि चॉकलेटं नेऊ नका. चित्राचं मोल मोजाल तसं ताटाचंही मोजा, घासाघीस करू नका. भिंतीला हात लावू नका, फोटो विचारून घ्या. आणि कुठल्या घरात लग्नचौक काढणं चालू असेल तर बाहेर बसून राहा. तो पुरा झाल्याशिवाय त्या घरात पंगत बसत नाही.