संवादातील कालनिर्देशांचे निराकरण

संवादातील कालनिर्देशांचे निराकरण म्हणजे बोलण्यात येणाऱ्या ‘उद्या’, ‘पुढच्या गुरुवारी’, ‘त्यानंतर तासाभराने’ यांसारख्या शब्दप्रयोगांवरून नेमका दिनांक व वेळ संगणकाद्वारे निश्चित करण्याची प्रक्रिया होय. भेटी ठरवणाऱ्या, तिकिटे आरक्षित करणाऱ्या व स्मरण देणाऱ्या संगणक प्रणालींत तिचा उपयोग होतो.

स्वरूप

‘१ मे १९६०’ हा निर्देश स्वयंपूर्ण आहे. ‘उद्या’चा अर्थ बोलण्याच्या दिवसावर, तर ‘दुसऱ्या दिवशी’चा अर्थ आधी उल्लेखलेल्या दिवसावर अवलंबून असतो. ज्या काळापासून मोजणी करायची, त्यास आधारकाल म्हणता येईल. सोमवार, ६ जानेवारी २०२५ रोजी पुढील संवाद झाला असे मानू :

अ : गुरुवारी भेटायचं का?
ब : चालेल. दुपारी साडेतीनला?
अ : त्या दिवशी दुपारी जमणार नाही. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी?

येथे ‘गुरुवार’ म्हणजे ९ जानेवारी. ‘दुसरा दिवस’ सोमवारपासून नव्हे, तर गुरुवारपासून मोजावा लागतो. म्हणून भेटीची वेळ १० जानेवारी, १५:३० ही ठरते. संगणकाने सोमवार आधार धरल्यास ७ जानेवारीची नोंद होईल. बेरीज बरोबर असूनही भेट चुकेल.

कार्यपद्धती

प्रथम ध्वनीचे मजकुरात रूपांतर होते. त्यातील कालवाचक शब्द ओळखून प्रत्येकाचा आधारकाल निवडला जातो आणि उत्तर आयएसओ ८६०१ या प्रमाणित स्वरूपात नोंदवता येते. जॅनिस वीब व सहकाऱ्यांनी भेटी ठरवण्याच्या स्पॅनिश संवादांवरील संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. संपूर्ण संवादाच्या रोखाची गुंतागुंतीची मांडणी न करता, मुख्यतः नजीकच्या उल्लेखांना प्राधान्य देऊन चांगले निकाल मिळतात, असे त्यात आढळले.

मराठीतील वैशिष्ट्ये

मराठीत ‘काल’ व ‘उद्या’ स्वतंत्र आहेत. मात्र ‘परवा’ भूत व भविष्य या दोन्ही काळांसाठी वापरतात. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांतील भेद क्रियापदावरून कळतो. नुसते ‘परवा?’ म्हटल्यास मागील वाक्य पाहावे लागते. ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेपाच’ यांचे तास-मिनिटांत रूपांतर करावे लागते. ‘पावणेपाच’ म्हणजे ४:४५. ‘पुढच्या सोमवारी’ याचा अर्थ माणसेही वेगवेगळा घेतात. अशा वेळी प्रणालीने दिनांक उच्चारून खात्री करून घेणे आवश्यक ठरते.