पॉवर विडरची निगा

ऊस, केळी किंवा भाजीच्या सरीत फिरणारा पॉवर विडर कुरकुरू लागला, की पहिला संशय इंजिनावर जातो. पण पुष्कळदा दुखणं खाली, पात्यांच्या दांड्यावर असतं. हराळीच्या काशा, सुतळी, मल्चिंग पेपरच्या चिंध्या दांड्याभोवती गुंडाळत आत सरकतात आणि ऑइल सील कापतात. मग गिअरबॉक्सचं ऑइल झिरपतं, त्याच वाटेने माती आत शिरते. एवढ्याशा सीलपायी अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो! म्हणून काम संपलं की त्याच दिवशी हे वेटोळं कापून काढावं. त्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी न चुकता काढावी; यात हयगय नको, बोटांचा प्रश्न आहे.

बहुतेक छोट्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांचं ऑइल नवेपणी पहिल्या 20 तासांनी बदलतात, पुढे दर 100 तासांनी किंवा 6 महिन्यांनी. पातळी सपाट जागेवरच पाहावी.

उन्हाळी मशागतीच्या धुरळ्यात एअर फिल्टर लवकर चोंदतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून दाबून घ्यावा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो.

यंत्र काही महिने उभं राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषतं आणि शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरचं बारीक जेट बुजवतो. मग दोरी कितीही ओढा, इंजिन दाद देत नाही.