कादंबरी शिकवितां येते काय ?

सन १९४१ मध्यें सोलापुरास मराठी साहित्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपद वि. स. खांडेकर यांजकडे होतें. आदल्या वर्षीं रत्नागिरीस तोच मान ना. सी. फडके यांस लाभला होता. दोघेही कादंबरीकार, दोघांनींही शिक्षकाचा पेशा पत्करलेला. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेंत शिकवीत होते. परंतु कादंबरी लिहिणें ही शिकवितां येण्याजोगी विद्या आहे, असें उघडपणें प्रतिपादण्याचें धाडस केलें तें फडक्यांनीं.

गंमत अशी, कीं त्यांच्या अध्यापनाचा विषय मराठी नव्हे, तर तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांनीं तोच पुष्कळ वर्षें शिकविला. १९१७ सालीं 'अल्ला हो अकबर' ही पहिली कादंबरी, पुढें 'जादूगार', 'दौलत' आदिकरून लोकप्रिय कादंबऱ्या, आणि १९३१ मध्यें 'प्रतिभासाधन' हा कथालेखनाच्या तंत्रावरील ग्रंथ, असा त्यांचा क्रम. गवयास गुरु लागतो, चित्रकारास शाळा लागते. मग कथालेखकानेंच तेवढें उपजत शहाणें कां असावें, हा या ग्रंथामागील रोकडा प्रश्न. कथेचा आरंभ कोठें करावा, पात्रें कशीं उभीं करावीं, गुंतागुंत कशी वाढवावी, वाचकाची उत्कंठा कोठवर ताणावी, याची चिकित्सा तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास शोभेल अशाच काटेकोरपणें तींत आली. प्रतिभा ही दैवी देणगी मानून स्वस्थ बसणाऱ्यांस तो मोठाच धक्का होता.

तथापि आक्षेपही खोटा नव्हता. सोलापुरी चादरीची नक्षी मागावर जेकार्डाच्या पुठ्ठ्यांनीं आधींच ठरलेली असते. पुठ्ठे तेच, तर फुलेंही तींच. तंत्राच्या फार आहारीं गेलेल्या कथेचें असेंच होतें, आणि खुद्द फडक्यांच्या कादंबऱ्याही या दोषापासून सर्वस्वीं मुक्त नाहींत. कला कलेसाठीं हा त्यांचा पक्ष, तर कला जीवनासाठीं हा खांडेकरांचा. तो वाद वर्षानुवर्षें गाजला. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृति नवकथाकारांनीं ती ठरीव बांधणीच झुगारली. पण झुगारावयाचें काय, हें त्यांस फडक्यांच्या विवेचनामुळेंच इतकें स्पष्ट दिसलें असावें.

खांडेकरांच्या 'ययाति'स पुढें ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. फडक्यांस १९६२ सालीं पद्मभूषण लाभलें; १९७८ मध्यें ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या नांवावर ७० हून अधिक कादंबऱ्या होत्या.