शिट्टी वाजली, पण पाऊल आधीच पडले



विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ध्वनिक्षेपक तयार केला. आवाज छान येत होता, पण मागून सतत एक बारीक शीळ ऐकू येई. प्रदर्शनाला चार दिवस उरले होते.

त्या मंडळात दोन स्टेप-डाऊन स्विचिंग रेग्युलेटर होते, एक 5 व्होल्टचा आणि एक 3.3 व्होल्टचा. असा रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेत वाया घालवत नाही. तो बॅटरीचा पुरवठा भराभर चालू-बंद करतो आणि कॉइल व कॅपॅसिटर मिळून त्याची सरासरी काढतात. आम्ही वापरलेला एलएम2670 हा आयसी सेकंदाला सुमारे 2 लाख 60 हजार वेळा, म्हणजे 260 किलोहर्ट्झने, हे काम करतो. हे कानाला ऐकू येणे शक्य नाही. मग शीळ कुठली?

माजी विद्यार्थ्याने आणलेल्या ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर एक आयसी 248 वर आणि दुसरा 256 वर चालत होता. फरक 8 किलोहर्ट्झचा, आणि तो मात्र कानाला ऐकू येतो! दोन्ही एकाच बॅटरीच्या तारेतून झटके घेत असल्यामुळे हा फरक ध्वनिक्षेपकात शिरत होता.

उपाय सरळ होता. या आयसीला बाहेरून ठोके देण्यासाठी सिंक नावाची पिन असते. मुलांनी 4 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 74एचसी4060 ला जोडला, 16 ने भागून 250 किलोहर्ट्झचे ठोके मिळवले आणि ते दोन्ही आयसींना दिले. पहिला मुकाट्याने 250 वर आला. दुसरा ऐकेना, उलट घरघर वाढली. मुलांनी त्याला खराब ठरवून नवा आयसी बसवला. तोही तसाच!

इथे आपल्या लेझीम पथकाची आठवण करा. शिट्टी वाजली की पाऊल टाकायचे. जो सावकाश चालतो त्याला शिट्टी पुढे खेचते. पण ज्याचे पाऊल शिट्टीआधीच पडले, त्याला ती मागे कशी घेणार? सिंकचेही तसेच आहे. बाहेरचा ठोका चालू फेरी लवकर संपवू शकतो, लांबवू शकत नाही. 256 वाल्याची फेरी 3.9 मायक्रोसेकंदांत संपत होती आणि ठोका 4 मायक्रोसेकंदांनी येत होता. त्यामुळे नवी फेरी सुरू होते न होते तोच ती मध्येच तुटे.

डेटाशीटमध्ये हे लिहिलेलेच आहे. 260 हा नुसता ठराविक आकडा असून, प्रत्यक्ष आयसी 225 ते 280 मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून बाहेरचे ठोके 280 ते 400 च्या दरम्यान हवेत. आयसी बिचारे सगळे चांगले होते! (सगळेच रेग्युलेटर या पद्धतीचे नसतात, आपापल्या आयसीचे पान पाहावे.)

5 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, ठोके 312.5 झाले. तपासताना ऑसिलोस्कोप बाहेरच्या ठोक्यांवर ट्रिगर करावा आणि दुसऱ्या प्रोबने आयसीची स्विचिंगची पिन पाहावी. लाट स्थिर उभी राहिली तर जुळले, सरकत राहिली तर नाही. प्रोबची ग्राउंडची तार आखूड ठेवा, नाहीतर नसलेले काटेही पडद्यावर दिसतात. आम्ही त्यात एक अख्खी दुपार घालवली.

ठोके 400 च्या जवळ नेण्याचा मोह मात्र नको. चालू-बंद जितके जास्त, तितका आयसी अधिक तापतो.

शेवटी एक काम राहिले होते. ठोके सिंकपर्यंत सरळ तारेने न नेता 100 पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून नेले आणि पिनपासून ग्राउंडला 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला. मग क्रिस्टल मुद्दाम काढून पाहिला. दोन्ही रेग्युलेटर आपापल्या गतीने चालू राहिले, शीळ परत आली, पण ध्वनिक्षेपक बंद पडला नाही. क्रिस्टल पुन्हा बसवला आणि पेटीचे झाकण लावले.