प्रार्थनामंदिराबाहेरचा धर्मविचार

धर्मोपदेशक घडविणाऱ्या विद्यालयाने दर वर्षी बाहेरचा एखादा विचारवंत बोलवावा, त्याने पाच-सहा व्याख्याने द्यावी व पुढे ती ग्रंथरूपाने निघावी, ही प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजली. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना ती परकी वाटू नये. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन सेमिनरीची 'स्टोन व्याख्याने' ही अशीच एक माला. १८९८ साली तेथे हॉलंडचे अब्राहम काइपर बोलले. हे गृहस्थ नुसते पाद्री नव्हते. दैनिकाचे संपादक, राजकीय पक्षाचे पुढारी आणि १८८० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला विद्यापीठ काढणारे होते.

त्यांच्या सहा व्याख्यानांचा क्रमच बोलका आहे : जीवनदृष्टी, धर्म, राजकारण, विज्ञान, कला आणि भविष्यकाळ. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या पंथाचे विवेचन करताना त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता. रविवारच्या प्रार्थनेतील श्रद्धेचा उरलेल्या सहा दिवसांशी संबंध काय?

काइपर यांचे उत्तर असे. सर्व सत्ता अखेर ईश्वराची. म्हणून कोणत्याही मानवी संस्थेची सत्ता अमर्याद असू शकत नाही. कुटुंब, व्यापार, विद्या, कला, चर्च ही जीवनाची निरनिराळी क्षेत्रे होत. त्यांचा अधिकार सरकारने दिलेला नसतो. तो थेट ईश्वराकडून येतो. सरकारने क्षेत्राक्षेत्रांतील तंटे मिटवावे, दुबळ्यांना संरक्षण द्यावे, सार्वजनिक भार सर्वांना उचलायला लावावा. त्याने शास्त्रज्ञाला निष्कर्ष सांगू नयेत. त्याचप्रमाणे चर्चनेही सरकारवर हुकूमत गाजवू नये.

विचार आकर्षक खरा. पण व्याख्यानाची कसोटी व्यासपीठावरून उतरल्यावर लागते. काइपर १९०१ मध्ये पंतप्रधान झाले आणि १९०३ च्या संपानंतर त्यांच्याच सरकारने रेल्वे कामगारांच्या संपावर कायद्याने बंदी घातली. याहून कठोर कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. तेथील काही गोऱ्या धर्मपंडितांनी 'क्षेत्रा'च्या जागी 'वंश' बसविला व प्रत्येक वंशाला ईश्वराने वेगळे ठेवले आहे, असे प्रतिपादन करून वर्णभेदाला धर्माचा टेकू दिला. वंशांची उच्चनीच प्रतवारी खुद्द काइपर यांच्या व्याख्यानांतही होती, हे लपविण्यात अर्थ नाही.

मात्र वर्णभेदाशी झगडणारे अ‍ॅलन बोसाक हे त्याच परंपरेतील पाद्री. जीवनाचा कोणताही कोपरा ख्रिस्ताच्या सत्तेबाहेर नाही, हे काइपर यांचेच सूत्र त्यांनी वर्णभेदाविरुद्ध वापरले. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक परिषदेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरविले आणि बोसाक यांनाच अध्यक्ष निवडले.

एकाच मुळातून या दोन फांद्या का फुटाव्या? शाळा, बाजार, न्यायालय ही क्षेत्रे कार्यावरून ठरतात; जन्मावरून माणसाचे क्षेत्र ठरविले की स्वायत्ततेचे कुंपण होते. अशी कुंपणे आपल्याही ओळखीची आहेत. धर्म जीवनाच्या सर्व क्षेत्रांत यावा असे कोणी म्हणाले, की आपण एवढेच विचारावे : तो कोणासाठी दार उघडतो आणि कोणासाठी लावून घेतो?