गाईडला घालू का मुलीला?

जूनमध्ये शाळा सुरू झाली, की पिरंगुटच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, नाहीतर पिठाच्या गिरणीत कुणीतरी मला हा प्रश्न विचारतंच. आणि त्याच्या मागोमाग ठरलेला दुसरा प्रश्न – "मार्क मिळतात का हो त्याचे?"

मिळतात. राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या मुलांसाठी दहावीला सवलतीच्या गुणांची सोय आहे, त्याचे नियम शाळेत विचारून घ्यावेत. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडचा वेगळा कोटाही असतो. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण विचारणारीचा अर्धा जीव त्यात अडकलेला असतो. पण खरं सांगू का? निव्वळ मार्कांसाठी आलेली मुलगी दिवाळीपर्यंत गळते. जी मुलगी मैत्रिणीचं बघून, नाहीतर "तंबूत झोपायला मिळतं ना?" असं विचारून येते, ती टिकते.

मी काही शाळेत शिक्षिका नाही. लग्न होऊन मुळशीत आले, नवऱ्याची नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात, घरी शिलाईचं काम. माझी मोठी मुलगी पाचवीत असताना तिच्या गाईड पथकाच्या दुपट्ट्यांना शिलाई मारून द्यायला म्हणून मी शाळेत गेले आणि तिथेच रमले. आज दर शनिवारी दुपारी शिलाई मशीन बंद असतं, हे आमच्या गिऱ्हाइकांनाही पाठ झालंय. पथक चालवतात त्या आमच्या बाई. गाईडच्या भाषेत त्यांना 'कॅप्टन' म्हणायचं. आम्ही बाईच म्हणतो.

या शनिवारच्या तासात काय करतात, हे आयांना नेमकं माहीत नसतं. बहुतेकींना वाटतं, कवायत आणि झेंडावंदन. तेही असतं. पण मुलींचे सहा-सात जणींचे संघ असतात, प्रत्येक संघाची एक नायिका, आणि खरं काम संघात चालतं. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच अशा गाठी शिकायच्या. दोन काठ्या नि सुतळी घेऊन ताटं ठेवायची मांडणी करायची. होकायंत्र बघायचं, नकाशावर आपलं गाव शोधायचं. तीन दगडांच्या चुलीवर खिचडी करायची आणि ती करपली तरी खायची! गळ्यातला स्कार्फ नुसता शोभेचा नाही. तो उलगडला की त्रिकोणी पट्टी होते, मोडलेला हात गळ्यात बांधायला.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी आमच्या एका सातवीतल्या मुलीची गोष्ट सांगते. भात लावणीच्या दिवसांत तिच्या चुलत्याला बांधावर घोणस चावली. घरात एकच गोंधळ. कुणी म्हणे देवळात न्या, कुणी म्हणे वर दोरी आवळून बांधा, एकाने तर ब्लेड काढलं. ही पोरगी मध्ये पडली. दोरी नको, कापायचं नाही, चोखायचं नाही, काकाला चालवायचं नाही. पायाला बांबूची फळी लावून स्कार्फने सैलसर बांधली, पाय हलणार नाही इतपत, आणि "जीप काढा, सरकारी दवाखान्यात चला, लस तिथेच मिळेल," हे तिने मोठ्या माणसांना ओरडून सांगितलं. जीव वाचवला तो डॉक्टरांनी आणि सर्पदंशावरच्या लसीने, हे खरंच. पण वेळ वाया गेला नाही तो हिच्यामुळे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं आमच्या पथकाच्या फळ्याशेजारी लावलेली आहेत. मुळशीत राहायचं तर शेजारी कोण कोण आहेत, हे माहीत नको?

आता थोडं मागचं सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९०७ मध्ये ब्राऊनसी नावाच्या छोट्या बेटावर वीसेक मुलग्यांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरातली शाळकरी पोरं होती, तशीच कामगारांचीही होती. सगळी एकत्र. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९०९ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलग्यांचा मोठा मेळावा भरला. मुलींना आमंत्रण नव्हतं. तरी काही मुली टोप्या घालून, काठ्या घेऊन हजर झाल्या आणि म्हणाल्या, आम्हीसुद्धा स्काऊट! त्यांना घालवून देणं काही जमेना. शेवटी १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस हिच्या पुढाकाराने मुलींसाठी गाईड चळवळ सुरू झाली. म्हणजे कुणी मोठ्या मनाने मुलींना दिली म्हणून नाही, मुली दारात येऊन उभ्या राहिल्या म्हणून!

आपल्या देशात मुलींचं पहिलं गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. पण सुरुवातीला हा सारा गोऱ्यांचा कारभार, भारतीय मुलांना दार बंद. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. पुढे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या सगळ्या एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झालं आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड मुली त्यात सामील झाल्या. पहिली ते चौथीच्या मुली 'बुलबुल', मुलगे 'कब'. पाचवीपासून गाईड आणि स्काऊट. बुलबुलांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख असे टप्पे असतात. आमच्या धाकटीने सुवर्ण पंखापर्यंत मजल मारली तेव्हा तिच्या आजीने गल्लीत पेढे वाटले. पंख म्हणजे नेमकं काय मिळालं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तो भाग वेगळा.

आणि एक, जे पुण्यात राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. जगभरातल्या गाईड मुलींच्या संघटनेचं एक जागतिक केंद्र आपल्या पुण्यात आहे, आळंदी रस्त्यावर. नाव 'संगम'. १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी स्वतः येऊन त्याचं उद्घाटन केलं. अशी केंद्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. स्वित्झर्लंडला, मेक्सिकोला, लंडनला, आणि आपल्याकडे. देशोदेशीच्या मुली येतात तिथे राहायला. मी आमच्या मुलींना सांगते, पुण्यात ज्या मुळा-मुठेचा संगम होतो, त्या दोन्ही नद्या आपल्याच तालुक्यातल्या डोंगरांतून खाली जातात. आपण काही लांबच्या नाही!

आता आयांच्या खऱ्या अडचणीकडे येते. पाचवीत आमच्याकडे बत्तीस मुली येतात. नववीत उरतात पाच. मधल्या सत्तावीस कुठे जातात? क्लासला जातात, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतात, आणि बऱ्याच जणी शिबिराच्या चिठ्ठीवर सही होत नाही म्हणून थांबतात. "रात्रीची मुलगी बाहेर? तिचे बाबा नाही म्हणतात." मला हे ऐकून राग येत नाही. मुलीची काळजी वाटणारच. म्हणून बाई आणि मी घरी जातो, चहा घेतो आणि सगळं सविस्तर सांगतो. मुलींच्या शिबिराची प्रमुख बाईच असते. झोपायला मुलींची व्यवस्था वेगळी, सोबत बाया. पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही मुलगी नेत नाहीत. शिबिराला येऊन एकदा बघून जा, असं आम्हीच सांगतो.

मग आवाज खाली करून एखादी आई विचारते, "आणि पाळी आली तर?" येऊ दे की! बाईंच्या पिशवीत पॅड असतात, गरम पाण्याची सोय असते, आणि शिबिराच्या पहिल्या संध्याकाळीच बाई सगळ्यांना याबद्दल मोकळेपणाने सांगतात. कित्येक मुलींशी या विषयावर इतकं सरळ बोलणारं ते पहिलंच माणूस असतं. आमच्याकडची एक मुलगी शिबिरातून परत गेली आणि आईला म्हणाली, "आता मला वेगळं बसवू नको." आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने मला बाजारात गाठलं. मला वाटलं, भांडणार. तिने धाकटीचं नाव बुलबुलसाठी दिलं.

याच मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यात मावळातल्या बायकाही उतरल्या होत्या. त्यांच्या पणत्यांना एक रात्र तंबूत झोपायला बंदी, हे मला काही पटत नाही. असो.

गेल्या काही वर्षांत आपला तालुका फार बदलला. भूगाव, बावधन, हिंजवडी, माण या पट्ट्यात मोठमोठ्या सोसायट्या झाल्या, बाहेरून कुटुंबं आली. आणि पौडच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर अजून वाड्या-वस्त्या आहेत, कातकरी पाडे आहेत, जिथे आई-वडील कामासाठी गाव सोडून जातात. या दोन्हींकडच्या मुली एरवी कुठे भेटणार? लग्नात नाही, क्लासात तर नाहीच. आमच्या एका शिबिरात सोसायटीतल्या मुलीला काडेपेटी ओढायची भीती वाटत होती आणि वस्तीवरच्या मुलीने ओल्या लाकडांवर चूल पेटवून दाखवली. दुसऱ्या दिवशी नकाशा वाचताना पहिलीने दुसरीला मदत केली. दोघी आजही एकमेकींना फोन करतात, एकीच्या आईच्या फोनवरून.

खरी कमाईच्या दिवशी तर बघायला या. मुलांनी घरून पैसे मागायचे नाहीत, काम करून कमवायचे. आमच्या मुलींनी मागच्या वेळी बाजारात भाकरी-ठेचा विकला, बटणं लावून दिली, म्हाताऱ्यांचे बँकेचे फॉर्म भरून दिले. एका काकांनी सायकल पुसून घेतली आणि दोन रुपये टेकवले, त्यावरून संघात केवढी चर्चा! संध्याकाळी ६४० रुपये जमले. हिशेब नायिकेनेच लिहिला. त्यातून प्रथमोपचाराची पेटी भरली. गणवेशाच्या खर्चाचं म्हणाल, तर मोठ्या मुलींचे लहान झालेले ड्रेस आम्ही धुऊन, दुरुस्त करून पेटीत ठेवतो. कुणाला कुणाचा मिळाला, हे कुणाला कळत नाही. उसवलेलं मी शिवते.

आता माझी खरी विनंती. आमच्या बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. पथक चालू ठेवायचं तर प्रशिक्षण घेतलेली बाई लागते. शाळेतल्या इतर शिक्षिकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मी आठवडाभराचा बेसिक कोर्स केला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी शिट्टी वाजवताना मेलं लाजल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी मी झाडाला दोर बांधून ओढा ओलांडला! पण पाचवी ते दहावीच्या मुली आणि शिवाय बुलबुल, हे एकटीच्याने निभणार नाही. मला आणखी दोघी हव्यात. बारावी झालेली सून असेल, निवृत्त नर्स असेल, सोसायटीतली घरून काम करणारी एखादी असेल. शनिवारचे दोन तास द्यायचे. मोबदला काही नाही, आधीच सांगते. दोघी मिळाल्या नाहीत तर जूनमध्ये बुलबुलांचं पथक बंद ठेवावं लागेल, असं बाईंशी बोलून ठरलंय. बावीस लहान मुली आहेत त्यात.

तुमच्या गावात काय करायचं? आधी मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारा, स्काऊट-गाईडचं युनिट आहे का, आणि असेल तर ते कागदावर आहे की मैदानावर. नसेल तर जिल्ह्याच्या भारत स्काऊट्स आणि गाईड्स कार्यालयात जिल्हा संघटक असतात, त्यांना भेटा. शाळेबाहेरचं खुलं पथकही काढता येतं. चार आया एकत्र गेल्या तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

आणि मुळशीतल्या मैत्रिणींनो, पुढच्या शनिवारी अडीच वाजता मुलीला घेऊन शाळेच्या मागच्या मैदानावर या. गणवेश नको, वही नको. पाण्याची बाटली आणि दोन मीटर दोरी पाठवा. दोरी मात्र सुती बघा, नायलॉनची गाठ सुटते.